अँटीव्हायरस कोणता घ्यायचा? नाशिकमधल्या एका घरच्या कॉम्प्युटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदिरानगरमधलं चार माणसांचं घर. घरातली ताई घरूनच पंधरा-वीस छोट्या व्यावसायिकांचे हिशेब टॅलीत लिहिते आणि त्यांचे जीएसटीचे रिटर्न भरते. पंचवटीतलं हार्डवेअरचं दुकान, अंबडची दोन जॉबवर्कवाली वर्कशॉप्स, सिडकोतला केटरर, अशी गिऱ्हाइकं. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. सातपूरच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता निवृत्त. मुलगा अकरावीत. नवरा चाकणला नोकरीला, शनिवारी रात्री येतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

कॉम्प्युटर एकच. २०१६ साली गावातल्या एका दुकानातून असेंबल करून घेतलेला: चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, विंडोज १०. दिवसा ताईची टॅली, संध्याकाळी मुलाचा अभ्यास आणि गेम, रात्री अण्णांचं यूट्यूब. तिघांना मिळून एकच लॉगिन, तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं आणि बिनपासवर्डाचं. हे वाचून नाक मुरडण्याआधी आपापल्या घरचा कॉम्प्युटर आठवून बघा.

डेस्कटॉपवर ‘पासवर्ड’ याच नावाची एक एक्सेल फाइल होती. तीत सगळ्या गिऱ्हाइकांचे जीएसटी पोर्टलचे युजरनेम आणि पासवर्ड. घरून हिशेब लिहिणाऱ्या बहुतेकांकडे अशी फाइल असते, फक्त नाव वेगळं असतं.

अडचण

ऑगस्ट २०२५ मध्ये विकतच्या अँटीव्हायरसची मुदत संपली आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे कॉम्प्युटर अगदीच उघडा पडला, असं मात्र झालं नव्हतं. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजबरोबरच येतो. दुसरा अँटीव्हायरस टाकला की तो बाजूला होतो आणि त्या दुसऱ्याने काम सोडलं की पुन्हा पुढे येतो. इथेही तो आला होता; कसा आला होता ते पुढे येईलच.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाने एक विकतचा गेम ‘फुकट’ मिळवला. व्हिडिओखालच्या लिंकवरून आलेली झिप फाइल, तिला पासवर्ड, आणि सोबत सूचना: आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर तो गेम उडवेल. झिपला पासवर्ड कशासाठी, तर उतरवताना अँटीव्हायरसला आत डोकावता येऊ नये यासाठी. मुलाने सूचना तंतोतंत पाळल्या. गेम चाललाच नाही. त्याने ते सोडून दिलं आणि घरात कुणाला काही बोलला नाही.

नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत तीन गोष्टी दिसू लागल्या.

पहिली म्हणजे स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात सारख्या उगवणाऱ्या चौकटी: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’, ‘तुमचं संरक्षण आज संपतंय’. एका चौकटीवर फोन नंबर होता. अण्णांनी तो लावला. पलीकडचा माणूस हिंदीत अदबीने बोलला आणि एनीडेस्क, म्हणजे दुरून आपला कॉम्प्युटर हाताळू देणारा प्रोग्रॅम, उतरवून घ्यायला सांगू लागला. अण्णा म्हणाले, ‘‘सुनेला विचारून सांगतो,’’ आणि फोन ठेवला. बँकेतले पैसे बहुधा या एका वाक्याने वाचले.

दुसरी, क्रोममध्ये काहीही शोधलं की भलत्याच सर्च पानावर जायचं, आणि मेनूच्या तळाशी ‘तुमची संस्था हे ब्राउझर व्यवस्थापित करते’ असं दिसायचं. घरात संस्था कुठली!

तिसरी अण्णांनी पकडली. कुणी काही करत नसताना पंखा जोरात चालायचा. ‘‘मशीनवर लोड नाही, मग हा लोड असल्यासारखा का चालतोय?’’ मुलाने टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्रॅम किती काम करतोय ते दाखवणारी खिडकी, उघडून दाखवला, पंखा शांत. बंद केला, आणि मिनिटभरात घरघर पुन्हा सुरू. मुलाच्या मते विषय संपला, अण्णांच्या मते तिथेच सुरू झाला, आणि अण्णांचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चोरून क्रिप्टो चलन काढणारे बरेच प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडल्याचं ओळखतात आणि तेवढ्यापुरते दबून बसतात.

ताई मात्र रिटर्नच्या घाईत होती. ११ नोव्हेंबरला तिने जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे रिटर्न, याच मशीनवरून भरले. १४ तारखेला जीमेलचा इशारा आला: अनोळखी ठिकाणाहून साइन इन. तिने लगेच पासवर्ड बदलला, त्याच कॉम्प्युटरवर. दोन दिवसांनी तोच इशारा पुन्हा. तेव्हा तिने मला फोन केला. प्रश्न सरळ होता: ‘‘दादा, कोणता अँटीव्हायरस टाकू? दुकानदार तीन वर्षांच्या पॅकचे अडीच हजार म्हणतोय, घरी येऊन टाकून देणार आहे.’’

पहिला निर्णय: मशीन चालू ठेवायचं का

तो दिवस रविवार, १६ नोव्हेंबर. जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याच्या रिटर्नची शेवटची तारीख २०. ताईचा हिशेब असा की दुकानदार आज अँटीव्हायरस टाकेल, चार दिवस काम उरकू, मग निवांत सफाई करू. उशीर झाला तर लेट फी गिऱ्हाइकाला बसते आणि बोलणी हिला, त्यामुळे तिच्या जागी हा विचार चुकीचा नव्हता.

पण दुसऱ्या इशाऱ्याने चित्र बदललं होतं. पासवर्ड बदलूनही कुणी आत येतो, याचे दोनच सरळ अर्थ निघतात. एकतर नवा पासवर्डही टाइप होतानाच गेला. नाहीतर ब्राउझरच्या कुकीज गेल्या होत्या, म्हणजे ‘हा माणूस आधीच लॉगिन झालेला आहे’ हा पुरावाच चोराकडे होता; तो असला की पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. दोन्ही अर्थांनी या मशीनवर आणखी एक पोर्टल उघडणं म्हणजे आणखी एक पासवर्ड देऊन टाकणं.

म्हणून इंटरनेटची वायर त्याच मिनिटाला काढली. पासवर्ड ताईच्या मोबाइलवरून बदलले: आधी जीमेल, मग बँक, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हेही केलं, कारण त्याशिवाय चोरलेली कुकी मरेलच असं नाही. २० तारखेपर्यंतचं काम नाशिकरोडला राहणाऱ्या भावाच्या लॅपटॉपवर करायचं ठरलं. टॅलीचा फक्त डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. एकही चालणारी फाइल, म्हणजे इन्स्टॉलर वगैरे, घेतली नाही.

अँटीव्हायरसचे पर्याय

रविवारी संध्याकाळी सगळे जमले होते, तेव्हा चहाबरोबर हीच चर्चा झाली.

अण्णांचं मत विकतच्या बाजूने, आणि क्विक हीलच. पुण्याची कंपनी आहे, कैलास आणि संजय काटकर या भावांनी कॅल्क्युलेटर-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातून वर आणलेली. २००७ पर्यंत तिचं नाव कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं. अण्णांचा मुद्दा केवळ अभिमानाचा नव्हता. ‘‘काही बिघडलं तर आपल्या भाषेत विचारायला माणूस पाहिजे,’’ म्हणाले. हा मुद्दा मला आजही पटतो. ज्या घरात मदतीला कुणी नाही, तिथे विकतच्या पॅकमधली खरी किमतीची गोष्ट बहुतेक वेळा ती मदतच असते.

मुलाचं मत फुकटच्या बाजूने: अवास्ट वगैरे टाकू. पकडण्यात अवास्ट कमी नाही. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. लोक कोणत्या साइटवर जातात याची माहिती तिने जंपशॉट या आपल्याच उपकंपनीमार्फत विकली होती. जंपशॉट २०२० मध्येच बंद झाली, तरी गिऱ्हाइकांचे हिशेब असलेल्या मशीनवर हे नको, असं ताईनेच म्हटलं. कॅस्परस्कीचं नाव नवऱ्याने काढलं. चाचण्यांत तो वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असतो आणि भारतात मिळतो. मात्र अमेरिकेने जून २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी जाहीर केली, ती सापडलेल्या एखाद्या चोरीमुळे नव्हे तर कंपनी रशियन असल्याच्या धोक्यापोटी. घरच्या कॉम्प्युटरसाठी हे कारण किती धरायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. इथे त्यावर कुणी वाद घातला नाही.

उरला डिफेंडर. दुकानदाराने ताईला सांगितलं होतं, ‘‘तो फुकटचा आहे, नावाला असतो.’’ हे एके काळी खरं होतं. २०१२ च्या अखेरीस जर्मनीच्या एव्ही-टेस्ट या संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या त्या वेळच्या सिक्युरिटी एसेन्शियल्स या फुकटच्या अँटीव्हायरसला प्रमाणपत्रही नाकारलं होतं. तीच संस्था आता संरक्षण, वेग आणि वापराची सोय यांना प्रत्येकी ६ असे १८ गुण देते, आणि संरक्षणात डिफेंडर गेली काही वर्षं सहाच्या आसपास असतो. दुकानातलं मत जुन्या निकालावर थांबलेलं आहे. पॅक विकून चार पैसे सुटतात, हेही आहेच. शिवाय ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर मोठा ‘टोटल सिक्युरिटी’ पॅक टाकला की टॅली उघडेपर्यंत चहा होतो, हा अनुभव ताईच्या गाठीशी होता.

डिफेंडरकडे माझा कल होता. पण एक गोष्ट अडत होती: डिफेंडर चालू होता, तरी हे सगळं झालं कसं?

उघडून पाहिल्यावर

विंडोज सिक्युरिटीमध्ये अपवादांची एक यादी असते. तिथे लिहिलेल्या फोल्डरकडे डिफेंडर बघत नाही. या यादीत दोन नोंदी होत्या. एक अख्ख्या सी ड्राइव्हची. म्हणजे डिफेंडर हजर, वर हिरवी खूणही, आणि बघायचं काहीच नाही. पहारेकऱ्याला गेटवर बसवून भिंतीकडे तोंड करायला सांगावं, तसं.

डिफेंडरची सेटिंग बदलली की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ५००७ क्रमांकाची नोंद पडते. सी ड्राइव्हच्या अपवादाची नोंद दिवाळीच्या आठवड्यातली निघाली. मुलगा मान खाली घालून बसला होता. अपवाद त्याने स्वतः घातला नव्हता. गेमच्या इन्स्टॉलरने ‘येस’ दाबून घेतल्यावर आपणच घातला होता.

दुसरी नोंद मात्र त्याच्या खात्यावर जात नव्हती. ती होती विंडोज फुकटात ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणाऱ्या प्रोग्रॅमच्या फोल्डरची, आणि त्या फोल्डरची तारीख २०१६ ची, मशीन घरी आलं त्या आठवड्यातली. विंडोज अस्सल नव्हतंच. दुकानाने ते तसंच बसवलं होतं आणि डिफेंडरने आरडाओरडा करू नये म्हणून त्याचं तोंडही बंद करून दिलं होतं. मधली सगळी वर्षं विकतचा अँटीव्हायरस असल्यामुळे ती नोंद झोपून होती. ऑगस्टमध्ये डिफेंडर पुढे आला तो या जुन्या भोकासकट.

बिलावर ‘सॉफ्टवेअरसहित’ एवढंच लिहिलेलं होतं.

अपवाद काढून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावलं. यात मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे दबून बसणाऱ्यांना लपायला वेळ मिळत नाही. चलन काढणारा प्रोग्रॅम सापडला, पासवर्ड चोरणारा सापडला, क्रोममध्ये घुसवलेलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, सापडलं. कोपऱ्यातल्या चौकटी मात्र व्हायरस नव्हत्याच. मालिका बघण्याच्या कुठल्या तरी साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही ना, मग अलाउ दाबा’ म्हटल्यावर कुणीतरी दाबलं होतं. त्याने त्या साइटला अशा चौकटी (नोटिफिकेशन) दाखवायची परवानगी मिळाली होती. क्रोमच्या सेटिंगमधून ती काढली, चौकटी गेल्या. तिथे कोणताही अँटीव्हायरस विकत घेऊन काही उपयोग नव्हता.

दुसरा निर्णय: सफाई, फॉरमॅट की नवं मशीन

स्कॅनने सापडलं ते गेलं. न सापडलेलं काही उरलं नाही, याची खात्री कोण देणार? तीन आठवडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारात परकं काहीतरी वावरलेल्या मशीनवर मी पुन्हा बँक उघडणार नाही, एवढं मी सांगितलं. म्हणजे फॉरमॅट. पण फॉरमॅट करून टाकायचं काय? विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला होता. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली, तीही अस्सल विंडोजसाठी. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते; हे मशीन चौथ्या पिढीचं. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. पण खुद्द विंडोजमधली भगदाडं बुजवली जाणार नसतील, तर वरचा पहारा किती पुरणार?

मरणपंथाला लागलेल्या मशीनसाठी विंडोजचं लायसन्स विकत घेणं ताईला पटेना. शेवटी तिने कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेला, आठव्या पिढीचा, अस्सल विंडोज ११ असलेला जुना डेस्कटॉप सतरा हजारांना घेतला. अँटीव्हायरसच्या अडीच हजारांची बाहेरची हार्ड डिस्क घ्यायची असं ठरलं, वर थोडे पैसे घालावे लागले.

तिसरा निर्णय: गिऱ्हाइकांना सांगायचं का

हा सगळ्यात अवघड होता आणि यात मी फक्त ऐकत होतो.

डेस्कटॉपवरच्या एक्सेल फाइलमध्ये सगळ्यांचे पासवर्ड होते. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम डेस्कटॉपवरच्या अशा फाइली हमखास उचलतात. ती गेली याचा पुरावा नव्हता, नाही गेली याचाही नव्हता. जुना पासवर्ड ठाऊक असल्यामुळे ताईला प्रत्येकाच्या खात्यात जाऊन तो गुपचूप बदलता आला असता. रिटर्न दाखल करताना ओटीपी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातो, म्हणजे पासवर्ड मिळाला तरी कुणी परस्पर रिटर्न भरू शकत नाही. मग बोभाटा कशाला, असं नवऱ्याचं म्हणणं. ‘‘एकाला कळलं की दहा जणांना कळेल. लोक काम काढून घेतील.’’

ताईने दोन गोष्टी मांडल्या. रिटर्न भरता आला नाही तरी आत जाऊन कुणी कुणाला किती माल विकला ते वाचता येतं, आणि ते गिऱ्हाइकाचं आहे, तिचं नाही. दुसरी गोष्ट, हे पासवर्ड लोकांनी स्वतःच ठरवून दिलेले होते.

तिने पोर्टलवरचे पासवर्ड आधी बदलले आणि मग एकेकाला फोन केला. पंचवटीच्या हार्डवेअरवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ताई, तो पासवर्ड तर माझा सगळीकडे आहे. जीमेलला पण तोच.’’ तिच्या दुसऱ्या मुद्द्याला याहून मोठा दाखला नको होता. पोर्टलवरचा पासवर्ड तिने बदलला असता, जीमेलचा कोण बदलणार होतं?

एका वर्कशॉपने काम काढून घेतलं. बाकीचे राहिले. केटररने तर विचारलं, ‘‘मग आता कोणता अँटीव्हायरस टाकू?’’

निष्पत्ती

सगळे ३बी वेळेत गेले. पैसे कुणाचेच गेले नाहीत. जीमेलवर तिसरा इशारा आला नाही.

नव्या मशीनवर डिफेंडरच आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड फक्त ताईला माहीत. ती स्वतःही रोजचं काम साध्या खात्यावर करते. नको असलेले प्रोग्रॅम अडवण्याची सेटिंग चालू केली. रॅन्समवेअरपासून, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमपासून, फोल्डर राखणारं कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस मुळात बंद असतं. ते चालू करून टॅलीचा डेटा फोल्डर त्यात घातला. पहिल्याच दिवशी टॅलीला तिथे काही लिहिता येईना, एरर यायला लागली. टॅलीला परवानगीच्या यादीत टाकल्यावर काम सुरळीत झालं. हे आधी माहीत नसेल तर माणूस वैतागून ती सेटिंगच बंद करून टाकतो. बाहेरची हार्ड डिस्क शनिवारी बॅकअपपुरती जोडली जाते. एरवी कपाटात, कारण सतत जोडलेला बॅकअप रॅन्समवेअरला मूळ फाइलींइतकाच हाताशी असतो. एक्सेलची फाइल गेली, तिच्या जागी पासवर्ड कुलपात ठेवणारा प्रोग्रॅम, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, आला.

जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. अण्णांच्या यूट्यूबला आणि मुलाच्या अभ्यासाला ती पुरते.

वेगळं काय करता आलं असतं

१४ नोव्हेंबरचा पासवर्ड मोबाइलवरून बदलला असता आणि सगळीकडून साइन आउट केलं असतं, तर दुसरा इशारा बहुधा आलाच नसता. अंगवळणी पडलेल्या कीबोर्डकडे हात जातो, एवढंच त्याचं कारण.

ऑगस्टमध्ये विकतचा पॅक नव्याने घेतला असता तर? चलन काढणारा प्रोग्रॅम त्याने बहुधा पकडला असता; डिफेंडरमधले अपवाद त्याला लागू होत नाहीत. पण सूचना ‘अँटीव्हायरस बंद करा’ अशी होती, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यावर बसलेल्या मुलाने तोही बंद केला असता. साधं खातं असतं तर इन्स्टॉलरने पासवर्ड मागितला असता आणि मुलाला ताईकडे जावं लागलं असतं. त्याला पैसे पडत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

मुलाने दिवाळीतच सांगितलं असतं तर बरंच टळलं असतं. नंतर विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘गेम चालला नाही, मग सांगायचं काय?’’ त्याच्या बाजूने ते खरं होतं. आणि ओरडा बसेल ही भीतीही होतीच. घरात पहिले दोन दिवस सगळा दोष त्याच्यावर होता. २०१६ ची नोंद दाखवल्यावर तो जरा हलका झाला. त्या नोंदीचं मूळ मशीन घेतानाच्या व्यवहारात होतं: विंडोजचं लायसन्स बिलावर स्वतंत्र ओळ म्हणून मागायला हवं होतं, आणि त्याचे पैसे द्यायची तयारी हवी होती.

अण्णांचं मत अजून बदललेलं नाही. पुढच्या दिवाळीला क्विक हील घेऊन बघू, म्हणतात, आणि ८ जीबी रॅमच्या नव्या मशीनवर त्याला माझी हरकत नाही. तोवर ताईकडे एक काम शिल्लक आहे: तीन गिऱ्हाइकांनी अजून जीमेलचे जुने पासवर्ड बदललेले नाहीत, आणि ती दर महिन्याला ओटीपी मागताना आठवण करून देते.